मायेच्या डोळ्यांचा वॉचमन

पेणमधल्या स्वतःच्याच घरातून बाहेर पडायला विमलला सव्वीस मिनिटं लागत. तिने एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. दाराला आतून दोन कड्या, एक अडसर आणि तीन कुलुपं. मग पडवीच्या जाळीला दोन कुलुपं. मग फाटकाला साखळी आणि साखळीला आणखी एक कुलूप. मधे पडवीत, अगदी दारासमोर, घोट्याच्या उंचीवर घुंगरं ओवलेली सुतळी ताणलेली. तिच्यात चोराने अडकायचं होतं, पण आतापर्यंत चार वेळा विमलच अडकली होती.

हे सगळं तिच्या नवऱ्याचं कर्तृत्व. शरद गुप्ते म्हणजे शाळेतले निवृत्त गणिताचे शिक्षक, सगळं पेण त्यांना सर म्हणायचं. सरांनी दाराबाहेर अकरा नंबरचे बूट आणून ठेवले होते, घरात कुणी धिप्पाड माणूस राहतो असं चोराला वाटावं म्हणून. ते बूट रोज सकाळी ते थोडे सरकवून ठेवत. जागचे न हलणारे बूट चोराला संशयास्पद वाटतात, असं त्यांचं म्हणणं. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी होती. कुत्रा नव्हता. भुंकणं सरांनी स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, आणि ते इतकं समजावून सांगितल्यासारखं झालं होतं की गल्लीतली खरी कुत्री त्याला उत्तरसुद्धा देत नसत.

कारण झालं होतं शेजारच्या जनीकाकूंकडच्या चोरीचं. गेल्या वर्षी जनीकाकू भर दुपारी एका लग्नाला गेल्या, आणि चोराने मागच्या दाराने येऊन गॅसचा सिलिंडर, मिक्सर आणि पोह्याच्या पापडांचा डबा नेला. जनीकाकूंनी दोन दिवस चोराला शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी नवा मिक्सर आणला. हाय खाल्ली ती सरांनी. तेव्हापासून त्यांचा नियम झाला, की घर एकटं टाकायचं नाही. एका तासासाठीसुद्धा नाही.

विमलने सुतळी सोसली, बूट सोसले, भुंकणंही सोसलं. पण आता गोष्ट रोह्यापर्यंत जाऊन पोचली होती.

रोह्याला त्यांची एकुलती एक मुलगी अंतरा. तिला पहिली मुलगी झाली, आणि तीही माहेरी नाही. "आई, मला कळा सुरू झाल्या आणि बाबा कुलुपं उघडत बसले, तर बाळ घरातच चालायला लागेल," असं म्हणून ती रोह्यालाच राहिली होती. विमल दिवसाआड एसटीने जाऊन नातीला न्हाऊ-माखू घालून येई. सर मात्र एकदाही गेले नव्हते. बाराव्या दिवसाचं बारसं त्यांच्यासाठी पुढे ढकललं, तरीही नाही. घर कोण बघणार, एवढं एकच उत्तर. पेणहून रोहा काय परदेशात आहे? दीड तासाचा रस्ता! पण सांगणार कुणाला?

शेवटी अंतराचा फोन आला.

"आई, महिना होत आला. सगळे तिला अजून बाळीच म्हणतात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बारसं आहे. बाबा आले तर आले. नाही आले, तर मी परत बोलावणार नाही. कधीच नाही."

फोन बंद झाला. ही पोरगी बापाच्या वळणावर गेलेली, बोलली तर बोलली. हा रविवार हुकला तर बाप-लेकीच्या मधे उरलेला जन्म आपण निरोप पोचवत फिरायचं, हे विमलला लख्ख दिसलं. ती उठली, सव्वीस मिनिटांत बाहेर पडली आणि थेट पोपटच्या कारखान्यात गेली.

पोपट गल्लीच्या टोकाला गणपतीच्या मूर्ती करायचा. त्यातही तो आखणीतला माणूस, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणारा. बाकीचं काम कुणीही करो, डोळ्यांना हात लावायचा तो पोपटनेच. चाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नव्हतं.

"पोपट, मला एक वॉचमन करून दे," विमल म्हणाली. "माणसाएवढा. खुर्चीवर बसलेला. लांबून बघितलं तरी चोराची बोबडी वळली पाहिजे."

पोपटने ब्रश कानावर ठेवला. "वयनी, मी गनपतीशिवाय काय केलेला नाय. एकदा शाळेसाठी हत्ती केला, त्याला पन मुकुट चढला चुकून."

"अरे, माझ्या नातीचं बारसं अडलंय."

बारसं म्हटल्यावर पोपट विरघळला. "बसलेला ना? मग जमंल. बसलेल्याचा साचा हाय."

ते ऐकूनच विमलने सावध व्हायला हवं होतं. पण गरजू माणूस कुठे एवढं बारीक ऐकतो?

बारशाच्या आधीच्या सोमवारी वॉचमन आला. हातगाडीवर, अंगावर चादर पांघरून. गाडी फाटकातून आत येताना ढकलणाऱ्या कामगारांच्या तोंडून सवयीने "मोरया!" निघून गेलं. पोपटने त्यांना दटावलं, पण विमलला तेव्हाच शंका आली.

चादर काढली. अंगात खाकी शर्ट होता, पोपटचा मेहुणा जनू धरमतरच्या जेट्टीवर वॉचमन होता त्याचा जुना. खिशावर नावाची पट्टीही तशीच, 'जनू'. पण शर्टाची खालची तीन बटणं लागत नव्हती, कारण पोट साच्यातलं होतं. डाव्या हातात काठी होती. उजवा हात मात्र आपला आपणच वर गेला होता, पंजा समोर करून, घाबरू नका म्हणणारा. आणि डोळे! असे शांत, ओले, लांबट डोळे, की बघणाऱ्याला वाटावं, आपलं सगळं याला आधीच कळलंय आणि याने ते पोटात घातलंय.

"पोपट, हे काय रे?"

"तीनदा पुसलं वयनी," पोपट खाली बघत म्हणाला. "भुवया वाकड्या केल्या, मिशी जाड केली. पन बुबुळ ठेवला की नजर निवतेच. चाळीस वर्सांचा हात हाय. तो आता शिव्या द्यायला नाय शिकनार."

सरांनी वॉचमनभोवती दोन फेऱ्या मारल्या. चष्मा पुसून परत बघितलं.

"हा चोराला पाणी विचारील," ते म्हणाले आणि आत जाऊन अडसर घातला.

मंगळवारी सकाळी बायजाबाई आली. धरमतरकडच्या गावातून ती दर मंगळवारी मासळी घेऊन यायची, गुप्त्यांकडे जिताडं ठरलेलं. फाटकातून तिने पडवीतल्या खुर्चीकडे बघितलं आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"यो कोन गो बाय बसवलाव?"

"वॉचमन आहे. प्लास्टरचा."

"वॉचमन?" बायजाबाई जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. "डोलं बघ गो त्याचं. माजी आयस अशीच बघायची." तिने लुगड्याला हात पुसले, अंबाड्यातलं अबोलीचं फूल काढलं आणि वॉचमनच्या पायाशी ठेवलं. "माजी शेली तीन दिस झालं घरा नाय आली रे दादा. बघ काय होतंय तं."

शेळी संध्याकाळी घरी आली. तिला दुसरं जायला होतं कुठे! पण बायजाबाईने ही बातमी बुधवारी सगळ्या बाजारात केली, आणि गुरुवारी फाटकाबाहेर चपलांची रांग लागली. कुणी दूर्वा आणल्या, कुणी जास्वंद, कुणी नारळ. वॉचमनच्या वर गेलेल्या पंजावर कुणीतरी कुंकू लावलं. एका बाईने त्याला नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवलं.

शुक्रवारी खुद्द जनू आला, शर्टाचा मूळ मालक. समोर उभा राहून तो आपल्या नावाच्या पट्टीकडे बघत राहिला.

"तीस वर्सं जेट्टीवर बसलो मी," तो विमलला म्हणाला. "कुनी चा नाय विचारली. आनि यो बसून नारल खातंय!"

तरी जाताना त्यानेही हात जोडले. कुणी बघत नाही ना, हे आधी बघून घेतलं होतं.

इकडे सरांचं डोकं फिरायचं बाकी राहिलं होतं. "चोर येऊ नये म्हणून माणूस बसवला, आणि आता दिवसाला पन्नास अनोळखी लोक आपल्या पडवीत! यातला चोर कोणता, मी कसं ओळखू? आता तर घर सोडणं शक्यच नाही." विमलने कपाळावर हात मारून घेतला. रविवार दोन दिवसांवर आला होता आणि ती पहिल्यापेक्षा दहा पावलं मागे गेली होती. त्या संध्याकाळी नातीचं झबलं पिशवीत भरताना तिला रडू आलं. नवऱ्याचा राग आला, पोपटचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला.

शुक्रवारी रात्री दर्शनाची रांग हटेचना, म्हणून फाटक आणि जाळी उघडीच राहिली होती. शनिवारी सकाळी तिने दाराची कुलुपं उघडली आणि उंबऱ्यातच थांबली. वॉचमनच्या पायाशी एक गॅसचा सिलिंडर उभा होता. त्याच्या शेजारी मिक्सर, वायर नीट गुंडाळलेली. त्याच्यावर पापडांचा डबा. डबा रिकामा होता, पण घासून-पुसून लख्ख केलेला होता. आणि वर एक नारळ.

जनीकाकूंना बोलावलं. त्यांनी डबा उलटा करून बुडावरचं नाव वाचलं आणि खालीच बसल्या. "अगो बाई, माझाच! मेल्याने पापड खाल्ले, पण डबा घासला हो!" गल्ली लोटली. पोपट तर कॉलर ताठ करून फिरत होता. रागीट डोळे काढले असते तर चोर पळाला असता, पण सिलिंडर आला असता का, असं तो प्रत्येकाला विचारत होता.

दुपारी गल्ली जेवायला गेली, पडवी रिकामी झाली, तेव्हा घरात असलेल्या विमलला बाहेरून बोलण्याचा आवाज आला. ती दाराआड येऊन उभी राहिली. सर पायरीवर, वॉचमनच्या समोर बसले होते.

"तो चोर तुझ्यापुढे कबूल झाला, म्हणून मीही तुला सांगतो," सर म्हणत होते. "मला चोराची एवढी भीती नाही रे. आपल्याकडून नेण्यासारखं आहे काय? पण अंतराच्या वास्तुशांतीला मी कुलूप नेलं होतं. पितळी. सात लिव्हरचं. जावयाची रात्रपाळी, पोरगी घरात एकटी. म्हटलं, माझ्या जागी हे तरी तिच्या दाराशी राहील."

विमलला ती वास्तुशांत आठवली. जावई विराज कुलूप हातात घेऊन म्हणाला होता, "बाबा, रोह्याची राखण करायला धावीर महाराज आहेत, कुलूप कशाला?" सगळे हसले होते. सरही हसले होते. आणि त्यानंतर आधी सरांचा गुडघा दुखला, मग उन्हाळा फार झाला, आणि मग जनीकाकूंचा चोर आला. विमलने हे कधी ओळीने लावून बघितलंच नव्हतं.

"सगळे हसले, त्याचं काही नाही," सर म्हणाले. "पण अंतराही हसली. तेव्हा मनात म्हटलं, या दारात परत येणार नाही. म्हटलं खरं. मग चोराने सोय केली माझी. आता कोणत्या तोंडाने जाऊ? नातीचे फोटो रोज बघतो. विमल आंघोळीला गेली की बघतो."

विमलला आधी संताप आला. या एका हसण्यापायी आपण वर्षभर सुतळीत पडतोय! आणि लगेच त्या रागाचं पाणी झालं. कुणाला न सांगता आंघोळीच्या वेळात फोटो बघणारा तो म्हातारा तिला इतका आपला वाटला, की ती तशीच पुढे झाली आणि पाचव्यांदा सुतळीत अडकली. सगळी घुंगरं खणखणली.

"चोर!" सर ओरडले.

"मी आहे हो," विमल जमिनीवरून म्हणाली.

सरांनी तिला हात देऊन उठवलं.

"ऐकलंस?"

"सगळं."

सरांनी वाकून सुतळीचं एक टोक सोडलं आणि गुंडाळायला लागले. "इस्त्रीचा शर्ट आहे का गं?" त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी निघताना फाटकाला आणि जाळीला कुलूप लावायला बायजाबाईने आणि जनीकाकूंनी मनाई केली. माणसांनी दर्शनाला यायचं कसं? उरलं मोठं दार. सरांनी कडी घातली, कुलूप विमलच्या हातात दिलं, "धर जरा" म्हणाले आणि वॉचमनसमोर हात जोडून उभे राहिले. चांगला वेळ उभे राहिले. तेवढ्यात बाहेर रिक्षावाल्याने हॉर्नवर हॉर्न मारले, झबल्याची पिशवी कुठे, पेढे कुठे अशी धावपळ झाली, आणि दोघं स्टँडवर येऊन रोह्याच्या गाडीत बसली.

वडखळ नाक्याला गाडी अडकली, तेव्हा विमलने रुमालासाठी पर्स उघडली. रुमालाखाली कुलूप होतं.

घराला नुसती कडी. तांदळाच्या डब्यात तिच्या पाटल्या, कपाटात लग्नातला शालू, आणि फाटक सताड उघडं. सांगायला हवं. पण सांगितलं, तर हा माणूस इथेच, या ट्रकांच्या गर्दीत उतरेल. शेजारी सर खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. अंतराला पहिलं वाक्य काय म्हणायचं, त्याची तालीम चालली होती. विमलने एकदा पर्सकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पर्सची चेन लावून टाकली.

नागोठण्याला सर एकदम वळले. "मी कुलूप ओढून बघितलं होतं ना?"

"तीनदा," विमल म्हणाली. संसाराच्या छत्तीस वर्षांत ती इतकं स्वच्छ खोटं कधी बोलली नव्हती. भिसे खिंड ओलांडेपर्यंत तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवली.

रोह्याला तिसऱ्या मजल्यावर अंतराचं दार बंद होतं. सरांनी बेल दाबली.

"कोण?" आतून विराजचा आवाज.

"आम्ही."

"आम्ही कोण? नाव सांगा!"

मग आत एक कडी निघाली. मग साखळी. मग दुसरी कडी. मग बाहेरच्या जाळीच्या दाराआड किल्ली खडखडायला लागली, आणि सरांनी बघितलं, जाळीला आतून त्यांचंच कुलूप होतं. पितळी, सात लिव्हरचं.

विराजच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. "बाबा, सॉरी, किल्ली अडकते," तो घाम पुसत म्हणाला. "मुलगी झाल्यापासून झोपच नाही मला. कडी लावली का, गॅस बंद आहे का, सारखा उठून बघतो. शिफ्टवरून अंतराला चार फोन करतो. शेवटी माळ्यावरून हे शोधून काढलं. तेव्हा हसलो होतो मी. चुकलं माझं."

सरांनी जाळीतून कुलपाकडे बोट दाखवलं. "तेल घातलंस का? खोबरेल नाही घालायचं. शिलाई मशीनचं घाल. आणि किल्ली आधी अर्धी मागे घे. हां. आता फिरव."

बारशाला जमलेली सगळी मंडळी आत ताटकळली होती, आणि सासरा-जावई दारात कुलपाला तेल घालत होते. शेवटी अंतराच बाळाला घेऊन बाहेर आली. बापाला बघून तिचा चेहरा हलला. सरांची गाडीत पाठ केलेली सगळी वाक्यं पळाली.

"आलात?" अंतरा म्हणाली.

"आलो," सर म्हणाले.

तिने बाळ त्यांच्या हातात दिलं.

पाळणा सजला, आत्याने कानात नाव सांगितलं, बाळीची इशिता झाली. घुगऱ्या वाटल्या, जेवणं झाली. इशिता आजोबांच्या मांडीवर झोपून गेली, त्यांचं एक बोट मुठीत पकडून. तेव्हा विमल त्यांच्या शेजारी येऊन बसली. आता लपवणं तिच्याने होईना. तिने पर्समधून कुलूप काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

सरांनी कुलपाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा कुलपाकडे.

"म्हणजे घर उघडं आहे?"

"कडी आहे."

"सकाळपासून?"

"हो." विमलने घड्याळ बघितलं. "चारची गाडी आहे. आत्ता निघालो तर मिळेल."

सर थोडे हलले. इशिताने झोपेत तोंड वाकडं केलं आणि बोट आणखी घट्ट धरलं. सर हलायचे थांबले. विमल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच ते कशाचाच हिशेब करत नव्हते.

"ही जागी होईल," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीने जाऊ."

"आणि चोर आला तर?"

"आला तर येऊ दे. आपला प्लास्टरचा जनू बसलाय ना तिथे. पाणी विचारील त्याला."